कोंबडीला धाप लागली तर: औषधाच्या आधीचं आणि नंतरचं

परसातल्या कोंबडीचा श्वासाचा आजार दिवसा सहसा लक्षात येत नाही, कारण कोंबडी आजार लपवते. सगळ्यांबरोबर उकरते, दाणे टाकले की धावत येते, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. म्हणून रात्री ऐकायचं. कोंबड्या खुराड्यात शिरून अर्धा-पाऊण तास झाला, सगळं निवांत झालं, की दिवा न लावता खुराड्याला कान लावून दोन मिनिटं उभं राहायचं. निरोगी कोंबडीच्या श्वासाचा आवाज येत नाही. बारीक शिट्टी, ओली खरखर, थोड्या थोड्या वेळाने शिंक, मान झटकल्याची फडफड, यातलं काहीही ऐकू आलं तर आवाज कोणाचा आहे ते टॉर्चने पाहून घ्या आणि सकाळी दार उघडताना तिला बाकीच्यांत मिसळू देऊ नका. या दोन मिनिटांमुळे आजार दोन-तीन दिवस आधी कळतो. चोच उघडी टाकून, पिसं फुलवून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेली कोंबडी दिसेपर्यंत ते दिवस हातातून गेलेले असतात.

उन्हाळ्यातली धाप यापासून वेगळी काढावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात दुपारी सगळ्याच कोंबड्या चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकतात, कारण त्यांना घाम येत नाही आणि श्वासावाटेच त्या अंगातली उष्णता बाहेर टाकतात. त्या धापेत घशातून खरखर येत नाही, नाक कोरडं असतं, आणि सावलीत नेऊन पाय ओले केले, पाणी दिलं की साधारण तासाभरात चोच मिटते. एकटीच धापा टाकतेय, संध्याकाळी गार झाल्यावरही टाकतेय, किंवा श्वासागणिक शेपूट वरखाली होतंय, तर तो आजार. बसलेल्या निवांत कोंबडीचे श्वास मिनिटाला साधारण २० ते ३५ असतात आणि तेव्हा तिचं शेपूट स्थिर असतं. श्वासाचा त्रास ओळखायला शेपटीइतकं सोपं काही नाही.

आता तिला उचलायचं. इथेच पहिली चूक होते. कोंबडी पाय धरून उलटी लटकवत न्यायची आपल्याकडची जुनी सवय आहे, बाजारात सगळे तसंच नेतात. श्वासाचा त्रास असलेल्या कोंबडीला तसं धरलं तर ती काही मिनिटांत हातात मरू शकते. माणसाच्या छाती-पोटाच्या मध्ये श्वासपटल असतं, कोंबडीला तसं श्वास ओढणारं पटल नाही. तिची फुप्फुसं लहान असतात, पाठीच्या बाजूला बरगड्यांना चिकटलेली असतात आणि आपल्यासारखी फुगत नाहीत. हवा आतबाहेर करण्याचं काम अंगभर पसरलेल्या ९ हवेच्या पिशव्या करतात, आणि त्या पिशव्या भरतात ते छातीचं मधलं हाड पुढे-खाली सरकल्यामुळे. ते हाड हललं नाही तर श्वास नाही. म्हणजे घाबरून छातीशी घट्ट कवटाळलं तरी ती गुदमरते. उलटी धरली तर आतड्यांचा सगळा भार त्या पिशव्यांवर येतो, आणि गळ्याखालच्या दाण्यांच्या पिशवीतलं पाणी उलटून तोंडात येतं, तिथून श्वासनळीत. पुढच्या सगळ्या सूचना याच रचनेतून येतात, म्हणून ती एवढी सांगितली.

धरायची रीत अशी: तळहात छातीखाली नुसता आधाराला, दोन्ही पाय त्याच हाताच्या बोटांत, दुसरा हात पंखांवर हलका, डोकं वर. पंख फडफडवत असेल तर अंगावर सुती कापड टाका, पण गुंडाळी सैल ठेवा. तपासणीला पाच मिनिटांहून जास्त घेऊ नका. मध्येच तुरा जांभळा पडायला लागला तर तपासणी तिथेच थांबवून खाली ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा बघा.

पाहायचं काय, तर आधी नाकपुड्या: कोरड्या, पाणी गळणाऱ्या, की पिवळ्या खपलीने बंद झालेल्या. मग डोळे. कोपऱ्यात साबणासारखा फेस आहे का, डोळ्याखालचा भाग फुगलाय का, एकीकडे की दोन्हीकडे. मग चोच अंगठा आणि तर्जनीने हळूच उघडून टॉर्च मारा. जिभेच्या मुळाशी एक फट उघडमीट करताना दिसेल, ते श्वासनळीचं तोंड. तिथे चिकट तार, रक्त, पांढरट-पिवळा थर काय दिसतं ते बघा, आणि तोंडाचा वासही घ्या. गळ्याखालची दाण्यांची पिशवी चाचपा. सकाळी, खाण्याआधी, ती रिकामी असायला हवी. पोट पायांच्या मध्ये मागून चाचपा. छातीचं हाड सुरीसारखं टोचतंय का बघा, म्हणजे आजार किती जुना आहे याचा अंदाज येतो. शेवटी शीट, आणि वजन. वजन लिहून ठेवा, औषधाच्या मापाला लागेल.

पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं किंवा आत टणक गोळ्यासारखं लागलं तर हा फुप्फुसांचा आजारच नाही. पोटात पाणी झालंय किंवा अंडं अडकलंय, आणि त्याच्या दाबाने हवेच्या पिशव्यांना जागा उरलेली नाही. दाण्यांची पिशवी सकाळीही भरलेली, डबडब वाजणारी आणि तोंडाला आंबूस वास, तर दुखणं तिथलं आहे. पण ती रिकामी करायला कोंबडी उलटी करून पिळण्याचा जो सल्ला मिळतो तो ऐकू नका. त्यात पाणी श्वासनळीत जाऊन बऱ्याच कोंबड्या मरतात. दोन्ही वेळा पशुवैद्याकडे न्यायचं, सर्दीचं औषध द्यायचं नाही.

खऱ्या श्वासाच्या आजारांत परसात सर्वात जास्त भेटतो तो मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचा जुनाट आजार, ज्याला पोल्ट्रीवाले सीआरडी म्हणतात. हळू चढतो. डोळ्यात फेस, रात्रीची खरखर, शिंका. कोंबडी खाते-पिते पण आठवड्या-दोन आठवड्यांत हलकी होते, अंडी कमी होतात. थंडी, पावसाची झड, पिसं झडण्याचा काळ, नवी कोंबडी आणणं, असा कुठलाही ताण आला की दबलेला आजार वर येतो. घरात माणसांसाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या उरलेल्या गोळ्या इथे हमखास दिल्या जातात आणि त्यांचा काही उपयोग होत नाही. पेनिसिलिनच्या कुळातली औषधं जिवाणूची पेशीभित्तिका तोडतात, आणि मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते. त्याच्यावर टायलोसिन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं चालतात. त्यांनीही लक्षणं जातात, जंतू पूर्ण जात नाही. बरी झालेली कोंबडी जन्मभर तो बाळगते आणि अंड्यातून पिल्लांना देते. म्हणून अशा कोंबडीची अंडी खुडुकीखाली बसवायला ठेवू नका. ही गोष्ट फार कमी लोकांना सांगितली जाते आणि त्यामुळे एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या खरखरणाऱ्या कोंबड्या निपजतात.

एका दिवसात तोंड सुजलं, डोळा मिटला आणि नाकातून घट्ट, कुजका वास येणारा स्राव गळायला लागला तर तो कोरायझा. एकीला झाला की एक ते तीन दिवसांत शेजारणीला होतो. सल्फाचं औषध वेळेत दिलं तर सूज उतरते, पण वाचलेली कोंबडी इथेही वाहक राहते.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा वेगळाच प्रकार आहे. १९२७ च्या सुमारास कुमाऊंमधल्या राणीखेतला तो ओळखला गेला म्हणून आपल्याकडे हे नाव. त्याच काळात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलजवळही तो सापडला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसलचा रोग म्हणतात. काल ठणठणीत असलेल्या कोंबड्या आज धापा टाकतात, हिरवट-पांढरी शीट टाकतात, आणि जगल्याच तर दोन-चार दिवसांत मान पिळवटते, पाय लुळे पडतात. लस न दिलेल्या कळपात बघता बघता खुराडं रिकामं होतं. यावर औषध नाही. हा विषाणू आहे, प्रतिजैविकाने त्याला काही होत नाही. उपाय फक्त आधीची लस: पिल्लू आठवड्याचं असताना लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, महिन्याच्या आसपास पुन्हा लासोटा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी लस अर्धा मिली पंखाजवळ कातडीखाली. नंतरच्या फेऱ्या पशुवैद्य सांगतील तशा. पुण्याला औंधच्या सरकारी संस्थेत ही लस बनते आणि पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत मिळते. अडचण अशी की कुपी १०० किंवा जास्त मात्रांची असते आणि पातळ केल्यावर बर्फात ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते, उरलेली टाकावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोण आणणार? वाडीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवायचा आणि पहाटे दार उघडायच्या आधी घरोघर फिरून लस टोचून घ्यायची. एरवी हातात येणार नाही ती कोंबडी त्या वेळी सहज सापडते. मात्र खरखरणाऱ्या, आजारी कोंबडीला त्या दिवशी लस द्यायची नाही.

पावसाळ्यात आणि त्यानंतर डास वाढले की देवी (कोंबड्यांचा फोडांचा आजार) येते. तुऱ्यावर, डोळ्याभोवती काळ्या खपल्यांचे फोड आले तर ती सहसा आपोआप तीन-चार आठवड्यांत बरी होते. तोंडात आली तर मात्र घशात पिवळा, दह्याच्या सायीसारखा थर जमतो आणि श्वासनळीच्या तोंडावर तो आला की कोंबडी गुदमरते. तो थर ओरबाडू नका, खाली रक्त येतं आणि तेच श्वासनळीत जातं. पशुवैद्याने मऊ करून काढावा. असाच पांढरट पुरळ घशात आणि डोळ्यात साका, पण कळपात देवी कुठेच नाही, असं दिसलं तर आहार तपासा. नुसती पांढरी ज्वारी आणि तांदळाची कणी खाणाऱ्या कोंबड्यांना भर उन्हाळ्यात, परसात हिरवं काही उरत नाही तेव्हा, अ जीवनसत्त्व कमी पडतं आणि नाक-घशाचं अस्तरच खराब होतं. शेवग्याचा पाला, पाच कोंबड्यांना रोज मूठभर चिरून, हा त्यावरचा सर्वात स्वस्त बंदोबस्त. शेवगा परसात असतोच; तो कोंबड्यांनाही घालायचा एवढंच.

लहान तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) मान वर ताणून, चोच पूर्ण उघडून जांभई दिल्यासारखं करतात, डोकं झटकतात, आणि गांडूळ-गोगलगाई वेचायला ओल्या जागी फिरतात, तर श्वासनळीत राहणारे लाल जंत असू शकतात. त्याला जंताचं औषध लागतं, सर्दीचं नाही. आवाज अजिबात नाही, नुसतीच धाप, आणि खाली घातलेलं तूस किंवा पेंढा कुबट वासाचा, तर बुरशी फुप्फुसात गेली आहे. त्यावर भरवशाचं औषध नाही, तूस बदलून बाकीच्या वाचवायच्या. चिकट स्रावात रक्ताची रेघ दिसली किंवा अंडी सुरकुतलेल्या कवचाची, पाण्यासारख्या पांढऱ्याची यायला लागली, तर विषाणूचे इतर आजार मनात धरायचे. हे सगळं घरी नक्की करता येत नाही. पण पशुवैद्याला फोनवर "कोंबडी आजारी आहे" एवढंच न सांगता यातलं काय दिसलं ते सांगता आलं, तर अर्धं काम होतं.

आणि हे सगळं ठरेपर्यंत कोंबडीला श्वास घेता आला पाहिजे. बहुतेक घरी पहिला तास औषध शोधण्यात जातो आणि कोंबडी तशीच डालग्याखाली पडून राहते. पहिला तास तिच्या जागेचा.

६० सेंमी लांब, ४५ सेंमी रुंद पुठ्ठ्याचं खोकं किंवा फळांचा क्रेट चालतो. बाजूला वरच्या भागात भोकं हवीत. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर धुतलेलं गोणपाट. मोकळं तूस नको, धूळ उडते. दिवसातून दोनदा बदला. शीटही त्यावर नीट दिसते. आजारी कोंबडी सगळी ताकद अंग गरम ठेवण्यात घालवते, म्हणून खोक्याच्या एका टोकाला २८ ते ३० अंश ऊब द्या. जुना तारेचा ४० वॅटचा बल्ब दीड फुटावरून पुरतो, एलईडी बल्बने ऊब मिळत नाही. बल्ब एकाच टोकाला लावायचा म्हणजे गरम झालं की ती दुसरीकडे सरकते. दोन्हीकडून तापवलं तर धापेत भर पडते. उन्हाळ्यात बल्ब नको, सावलीची वाऱ्याची जागा हवी, पण पंख्याचा झोत थेट अंगावर नको.

चुलीजवळ ठेवू नका. ऊब मिळते म्हणून स्वयंपाकघरात ठेवणं ही फार सवयीची चूक आहे. धूर, फोडणीचा ठसका, डासांची कॉइल, उदबत्ती, फिनेल, रॉकेल, यातलं सगळं त्या पातळ हवेच्या पिशव्यांत थेट उतरतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने निरोगी पक्षीही मरतात. उवा-डास जावेत म्हणून कडुलिंबाच्या पाल्याचा धूर खुराड्यात करतात. आजारी कोंबडी आत असताना तो करू नका.

नाक चोंदलेलं असेल तर मिठाचं पाणी करून घ्या. उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ. वजन करायला साधन नसेल तर सपाट चहाचा चमचा म्हणजे साधारण ६ ग्रॅम, त्याला ६५० मिली पाणी. कोमट पाण्यात कापूस भिजवून खपलीवर दोन-तीन मिनिटं धरा, मग बाहेरच्या दिशेने पुसा. नाकपुडीत काडी खुपसू नका. डोळाही त्याच पाण्याने, पण वेगळ्या कापसाने. माणसांच्या डोळ्यांचे घरात पडलेले थेंब घालू नका, त्यातल्या कित्येकांत स्टिरॉइड असतं.

वाफ द्यायची तर न्हाणीघरात गरम पाण्याची बादली ठेवून, दार किलकिलं ठेवून, कोंबडी बादलीपासून दूर खोक्यात, दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. नुसत्या पाण्याची वाफ. निलगिरी, कापूर, बाम काही नाही. त्या वासांनी कोंबडीचा घसा आवळतो. डोक्यावर टॉवेल टाकून भांड्यावर धरणं तर नाहीच. घरात नेब्युलायझर असेल तर त्यात मेडिकलमधलं ०.९ टक्क्यांचं सलाइन ३ ते ५ मिली घालून नळी खोक्याच्या भोकात सोडावी, हे वाफेपेक्षा चांगलं. हवा आधीच दमट आणि गरम असेल तर वाफेचा प्रयोग सोडून द्या.

आता दुसरी जीवघेणी चूक, तोंडात ओतणं. श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे, मधोमध, उघडंच असतं, आणि धाप लागलेल्या कोंबडीचं ते जास्त वेळ उघडं राहतं. मान वर करून, चोच फाकवून चमचाभर काढा ओतला की तो सरळ आत जातो, आणि कोंबडीला आपल्यासारखा जोरकस खोकला काढता येत नाही. रात्री काढा पाजला आणि सकाळी मेली, अशा घटनांत कित्येकदा मारणारा आजार नसतो, काढा असतो. तेल तर कधीच नको. लसणाचं तेल, एरंडेल, तुपात कालवलेली हळद, काहीही नाही. श्वासनळीत गेलेलं तेल परत बाहेर येत नाही.

द्यायचंच असेल तर सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या. डोकं नेहमीच्या पातळीवर राहू द्या. चोचीच्या कडेला बाहेरून दोन थेंब सोडा, ती चाटून गिळेल. गिळल्याचं दिसल्यावर पुढचे दोन. मध्येच खरखर वाढली तर थांबा. गोळी असेल तर चुरून ज्वारीच्या पिठाच्या वाटाण्याएवढ्या ओल्या गोळीत घालून चारा. खात असलेल्या कोंबडीला हाच मार्ग सर्वात सुरक्षित.

पाण्यासाठी दोन वाट्या ठेवा: एकात साधं पाणी, दुसरीत १ लिटरचं ओआरएसचं पाकीट २ लिटर पाण्यात केलेलं, रोज ताजं. वाटी जड आणि छातीच्या उंचीला हवी, म्हणजे मान फार वाकवावी लागत नाही. खायला अंड्याचा उकडलेला पिवळा बलक कुस्करून, ज्वारीचं पीठ किंवा लेयरचं (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य भिजवून, एका वेळी दोन चमचे, दिवसातून पाच-सहा वेळा. श्वास तोंडाने घेणाऱ्या कोंबडीला खाणं आणि श्वास दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून भरपूर वाढून ठेवण्यापेक्षा थोडं थोडं. कोरडा दाणा तिला गिळवत नाही.

औषधाच्या मापाबद्दल थोडं हिशेबाने बोलू. टायलोसिन पाण्यातून देतात तेव्हा नेहमीचं माप लिटरला ५०० मिलिग्रॅम, ३ ते ५ दिवस. हे मूळ औषधाचं वजन आहे, पुडीचं नाही. पुडीत औषध किती टक्के आहे ते पाकिटावर बघावं लागतं, नाहीतर पाचपट चूक होते. दीड किलोची निरोगी कोंबडी दिवसाला साधारण २०० मिली पाणी पिते, म्हणजे तिच्या पोटात १०० मिलिग्रॅम गेलं. आजारी कोंबडी ६० मिली प्यायली तर गेलं फक्त ३०. अंगात जायचं तेवढं औषध जातच नाही, जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात, आणि आपण म्हणतो औषध लागू पडलं नाही. म्हणून फारशी पीत नसलेल्या कोंबडीला पाण्यातून औषध देण्यात अर्थ नाही. पशुवैद्याकडून वजनावर मोजलेली मात्रा तोंडावाटे किंवा इंजेक्शनने द्यायला हवी. छाती मोकळी वाटली म्हणून दुसऱ्या दिवशी बंदही करायचं नाही.

दुकानात विचारलं तर बहुधा एन्रोफ्लोक्सासिनची बाटली हातात येते. ते चालतं, पण त्याच कुळातली औषधं माणसांच्या गंभीर आजारांसाठी राखून ठेवायची आहेत. अमेरिकेने २००५ साली कोंबड्यांत त्याचा वापर बंद केला. अंड्यावरच्या कोंबडीला ते स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये. कोलिस्टिन असलेली जुनी पुडी कुणी देऊ केली तर घेऊ नका, खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्यावर भारतात २०१९ पासून बंदी आहे. कुठलंही प्रतिजैविक चालू असताना आणि पशुवैद्य सांगतील तितके दिवस नंतर, त्या कोंबडीची अंडी खायची नाहीत, शेजाऱ्याला द्यायची नाहीत. आणि सुधारत नाही म्हणून ती कापून खाऊही नये.

एक कोंबडी आजारी पडली की बाकीच्यांचं खुराडं बघायचं असतं. डिसेंबरच्या थंडीत लोक मायेने सगळ्या फटी गोणपाटाने बुजवतात आणि आत शिटेतला अमोनिया कोंडतो. पहाटे दार उघडायच्या आधी गुडघ्यावर बसून नाक कोंबड्यांच्या उंचीला न्या. डोळे चुरचुरले किंवा वास झोंबला तर तुमच्या कोंबड्या तो वास रात्रभर घेतायत, आणि त्याने श्वासनळीतले बारीक केस लुळे पडतात. मग जंतूंना मोकळं रान. वाऱ्याची फट कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, छपराखाली, १५-२० सेंमीची, दोन समोरासमोरच्या बाजूंना हवी. कोंदट खुराड्यापेक्षा गार पण कोरडं आणि हवेशीर खुराडं कधीही बरं. ओलं झालेलं तूस काढून टाका, वर चुन्याची फक्की मारण्याने ओल गेली असं होत नाही. भांडी रोज घासा. आधी निरोगी कोंबड्यांचं काम, मग आजारीचं. उलट क्रमाने केलं तर चपलेवरून आणि हातावरून आजार तुम्हीच नेता. बाजारातून आणलेली नवी कोंबडी तीन-चार आठवडे वेगळी ठेवायची. आणि आपली खरखरणारी कोंबडी आठवडी बाजारात विकायची नाही. ती विकली की आजार चार गावांत जातो, आणि तिथली घरं आपल्यासारखीच असतात.

एकाच दिवशी तीन-चार अचानक मेल्या, डोकी सुजली, तुरे निळे पडले, पायांवर लाल डाग दिसले, तर उपचार थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता. मेलेली कोंबडी घरी कापून आत काय झालंय ते बघू नका. तोंडाला रुमाल, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या, कोंबडी दुहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका. तपासणीला कुठे पाठवायची ते दवाखाना सांगेल. बाकी वेळीही मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नका, तीन फूट खड्ड्यात चुना टाकून पुरा. कुत्री उकरतात म्हणून वर दगड.

गार जागेत, निवांत बसूनही चोच मिटत नाही, तुरा जांभळा, दोन दिवस काही खाल्लेलं नाही, उभी राहत नाही, अशी कोंबडी सहसा परत येत नाही. तिला तोंडात काही घालत राहू नका. पशुवैद्याला विचारून तिला शांतपणे जाऊ देणं हीसुद्धा काळजीच आहे.

सुधारणारी कोंबडी मात्र ओळखू येते: आधी डोळे उघडतात, मग ती पिसं साफ करायला लागते, मग खाण्यावर झडप घालते. खरखर सर्वात शेवटी जाते. औषध संपल्यावर दोन आठवडे रात्री कान लावून आवाज नाही याची खात्री झाली की परत न्या, पण दिवसा सोडू नका, बाकीच्या तिला परकी समजून टोचतात. रात्री, सगळ्या झोपल्यावर, बसायच्या दांडीवर तिच्या जुन्या जागी नेऊन बसवा. पुढचे दोन दिवस सकाळी दाणे दोन ठिकाणी टाका, म्हणजे हाकलली गेली तरी तिला खायला मिळेल. मायकोप्लाझ्मा होता अशी शंका असेल तर तिच्या अंड्यांवर पेन्सिलीने खूण करा, ती अंडी खुडुकीखाली जाता कामा नयेत.